चार एकवीस ते चार बत्तीस

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून लोक म्हणतात की हैमावतीनं स्वतःची बाजू गोड करून सांगितली. आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाकडे येणारा माणूस आधी लांबून माझा चेहरा बघतो आणि मग ठरवतो, यायचं की नाही. आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर पुरावा पुसणाऱ्यांची. सर्व्हर अडकला की ऑपरेटर मंडळींना एकच औषध ठाऊक, रीस्टार्ट. अरे, आधी नाडी बघा, जीभ बघा! मशीन अडकलेलं असतं तेव्हाच त्याच्या पोटातल्या फाइली काढून घ्यायच्या असतात, डंप म्हणतात त्याला. कुठलं काम कुणासाठी खोळंबलंय, मेमरीत काय साचलंय, सगळं तिथे असतं. रीस्टार्ट केलं की मशीन न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखं उठून बसतं आणि काय दुखत होतं ते कायमचं विसरतं.

त्या बुधवारी सकाळी मी कंट्रोल रूममध्ये शिरले ती याच तिडिकीनं.

आदल्या दिवशी, मंगळवारी, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला खिडकी बंद. आमच्याकडची पोरं आणि पोरांपेक्षा त्यांचे बाप शेवटच्या तासापर्यंत वर-खाली करत बसतात, हे कॉलेज आधी की ते आधी. त्यामुळे चारनंतर सर्व्हरवर नुसती झुंबड. आणि बरोब्बर चार एकवीसला सगळं थांबलं. लोक 'सेव्ह' दाबत राहिले, पडद्यावर चक्र फिरत राहिलं. चार बत्तीसला पुन्हा सुरू झालं. सरकारनं एक दिवस वाढवून दिला म्हणून पोरांचं नुकसान टळलं, पण रात्रीच्या बातम्यांत गहजब. कुठल्याशा खाजगी कॉलेजच्या दलालानं ऑपरेटरला हाताशी धरून शेवटच्या घटकेला सर्व्हर बंद पाडला म्हणे. ऑपरेटरचं नाव आणि ओळखपत्रावरचा फोटोसुद्धा दाखवला. सैदुलू.

सैदुलू चौपन्न वर्षांचा. नलगोंड्याकडचा. टायपिस्ट म्हणून कंत्राटावर लागला आणि मशीनं बदलत गेली तसा ऑपरेटर झाला. मी त्याला एरवी सैदुलन्ना म्हणते, तुम्ही म्हणते. रागावले की नुसता सैदुलू आणि तू.

"सैदुलू," मी दारातूनच म्हटलं. खोलीत दहा-बारा माणसं होती. "एक डंप घ्यायला किती वेळ लागतो रे? दोन मिनिटं! दोन मिनिटं दम निघाला नाही तुला? शेण खाल्लंस आणि वर हात धुऊन मोकळा झालास!"

"मॅडम, फोन वाजत होते सगळीकडून. वरून साहेब ओरडत होते."

"फोन वाजला म्हणून डॉक्टर पोट उघडं टाकून पळतो का? गाढवालासुद्धा एवढ्या वर्षांत वाट पाठ होते."

कुणीतरी हसलं. सैदुलूनं मान खाली घातली, पण पुढचं वाक्य त्यानं स्पष्ट बोललं. "मॅडम, मी चार एकतीसला रीस्टार्ट केलं. एका मिनिटात वर आलं. त्याच्याआधी मी बंद केलं नव्हतं."

"मग लॉग खोटं बोलतो?"

"लॉगचं मला माहीत नाही. मी बंद केलं नव्हतं."

दुपारी तीन वाजता चौकशी समिती बसणार होती. मशीनमधल्या शिल्लक फाइली गोळा करून, वाचून, नेमकं काय झालं हे मी समितीला सांगायचं होतं. सर्व्हर मुद्दाम बंद केला असं निघालं तर तिथूनच पोलिसांत तक्रार जाणार होती. तक्रारीचा मसुदा टाइप होऊन तयार होता, फक्त नाव आणि वेळ भरायची बाकी होती, आणि नाव कुणाचं ते सगळ्यांना माहीत होतं.

मी आतल्या छोट्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. क्षणाक्षणाला तो लिहीत असतो, हा आला, त्यानं हे मागितलं, त्याला ते दिलं. मंगळवारची रोजनिशी चार एकवीस आणि सात सेकंदांपर्यंत नीट होती. त्यानंतर एक अक्षर नाही. पुढची ओळ थेट चार एकतीस, बावन्न सेकंदांची, 'सुरू होत आहे' अशी. लोक आत यायला लागले ते चार बत्तीसला. मधली जवळपास अकरा मिनिटं कोरी. समितीकडे हीच प्रत गेली होती आणि त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. रोजनिशी थांबली म्हणजे मशीन बंद, मशीन बंद म्हणजे कुणीतरी बंद केलं, खुर्चीवर होता सैदुलू. खोटं कशाला बोलू, मलाही सकाळी तसंच वाटलं होतं. लाच घेतली असं नाही. घाबरून काहीतरी दाबलं असेल आणि आता नाकारतोय, असं.

पण मी आयुष्यभर हेच काम केलंय, आणि कोरी जागा दिसली की मला चैन पडत नाही. सर्व्हरच्या पुढे आम्ही आणखी एक मशीन ठेवलेलं असतं, दारवानासारखं. आलेला माणूस आधी त्याच्याकडे, मग आत. त्या दारवानाची वही वेगळी असते आणि ती बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी ती काढली.

आता हे समजायला सोपं आहे. घराला कुलूप असलं तर पाहुणा लगेच मागे फिरतो. पण घरात माणूस असून दार उघडत नसला, तर तो वाजवत राहतो, वाट बघतो आणि कंटाळून जातो. दारवानाच्या वहीत हे दोन्ही वेगळं लिहिलेलं असतं. चार एकवीसपासून पुढे हजारो नोंदी होत्या आणि प्रत्येकीत एकच मजकूर: पूर्ण मिनिटभर थांबला, उत्तर नाही, परत गेला. कुलूप असल्याची नोंद फक्त बारा सेकंदांची. चार एकतीस चाळीस ते चार एकतीस बावन्न. म्हणजे सैदुलूनं सांगितलं ते मिनिटाबरहुकूम खरं होतं. त्यानं बंद केलं ते फक्त रीस्टार्टपुरतं. त्याआधी दहा मिनिटं मशीन चालू होतं, जिवंत होतं, आणि एका जागी थिजून उभं होतं.

मी खुर्चीत मागे टेकले. सैदुलूबद्दल वाईट वाटलं आणि स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हे दोन्ही एकदमच. बारा जणांच्या समितीला जे दिसलं नाही ते मला तासाभरात दिसलं होतं. आता फक्त ते थिजलं कशानं, एवढंच शोधायचं होतं.

मशीनचा श्वास मोजणारी आणखी एक फाइल असते. तिच्यात दिसलं की चार एकवीस आणि आठ सेकंदांपासून डिस्कवर काहीतरी जीव तोडून लिहिलं जात होतं. प्रचंड काहीतरी. सर्व्हरचं नेहमीचं काम सगळं थांबलेलं, आणि हे लिहिणं मात्र अखंड चालू. रीस्टार्टच्या क्षणी तेही तुटलं. मी मशीनला विचारलं, त्या दहा मिनिटांत कुठली मोठी फाइल बदलली ते दाखव. एकच फाइल आली. अर्धवट राहिलेली, राक्षसासारखी मोठी. ती ज्या फोल्डरमध्ये होती त्याचं नाव होतं 'हैमा'.

ते फोल्डर माझंच होतं.

मार्चमध्ये चाचण्या चालल्या होत्या तेव्हा मेमरी हळूहळू भरत जायची आणि कारण सापडत नव्हतं. मी सापळा लावायच्या आतच कुणीतरी रीस्टार्ट करून मोकळा व्हायचा. मग मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, मेमरी ठरावीक पातळीच्या वर गेली की सगळ्या मेमरीची नक्कल आपोआप डिस्कवर उतरवून ठेव. डंप तो हाच. माणसांवर भरवसाच नको! डंप उतरत असताना सर्व्हर थांबून राहतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसायला मी काय काल जन्मले? पण तेव्हा मेमरी छोटी होती, वीस सेकंदांत उरकायचं. चाचण्या संपल्यावर तीच स्क्रिप्ट मी खऱ्या मशीनवर टाकली. रजिस्टरात नोंद केली नाही, कारण नोंद केली की परवानगी, आणि परवानगीला तीन आठवडे. नंतर मोठ्या दिवसासाठी मशीनची मेमरी आठपट वाढवली. तो कागदही माझ्याच सहीनं गेला. आणि स्क्रिप्ट तिथे आहे हे मी साफ विसरून गेले होते.

म्हणजे झुंबड उडाली, मेमरी भरली, माझ्या स्क्रिप्टनं इमानेइतबारे नक्कल उतरवायला घेतली, भरत आलेल्या डिस्कवर ती मुंगीच्या पावलानं उतरत राहिली आणि तिनं अर्ध्या राज्याला दारात उभं केलं. सैदुलूनं रीस्टार्ट केलं म्हणून ते सुटलं. नाहीतर पाचपर्यंत तसंच राहिलं असतं.

मी प्रिंट काढले आणि चक्रपाणी सरांकडे गेले. ते आमच्या कंपनीचे इथले प्रमुख. आवाज कधी चढत नाही, चेहऱ्यावर कायम देवळातून आल्यासारखं हसू. त्यांनी सगळं ऐकलं, उस्मानिया बिस्किटाचा उरलेला तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि विचारलं, "किती जणांना माहीत आहे?"

"मला आणि आता तुम्हाला."

"त्या फोल्डरमधल्या फाइली किती वेळ राहतात, अम्मा?"

"चोवीस तास. मग साफसफाईचा प्रोग्रॅम पुसून टाकतो."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "म्हणजे आज साडेचारला. मग तुला काही करायचंच नाहीये. तीन वाजता लॉग दाखव, आहे तसा. मी खोटं बोल म्हणतोय का?"

"आणि सैदुलू?"

"त्यानं परवानगीशिवाय रीस्टार्ट केलं की नाही? केलं. पोलीस दोन दिवस प्रश्न विचारतील, काही सापडणार नाही, सोडून देतील. त्याचं काय जाणार आहे? तुझं बघ. चालू मशीनवर नोंद न करता स्क्रिप्ट टाकली, हे एकदा कागदावर आलं की या शहरात तुला दारात कोण उभं करेल? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हैमा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मला राग यायला हवा होता. एरवी चहा गार आला तरी मला राग येतो. पण त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. कुणीतरी मोठ्या माणसानं सुटकेची वाट दाखवली, आणि ती वाट इतकी सोपी की चालायचीसुद्धा नव्हती, नुसतं बसून राहायचं होतं. मी टेबलाशी येऊन बसले. ती फाइल दुसरीकडे कॉपी करायला एक ओळ टाइप करावी लागते. मी ती केली नाही. बारा वाजले, मग पाऊण वाजला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मनात आलं, आणि चोर मी, हेही आलं, तरी बोटं हलली नाहीत.

एक वाजता कॅन्टीनमध्ये गेले. पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, वास सुटला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर सैदुलू एकटाच, पुढ्यात न उघडलेला डबा. आजूबाजूची टेबलं रिकामी. एरवी त्या कोपऱ्यात बसायला भांडणं होतात. मी ताट घेऊन त्याच्यासमोर बसले, तसं दोन-चार जणांनी वळून बघितलं.

"सैदुलन्ना, जेवा."

"तुम्ही जेवा मॅडम."

मी घास तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. "तुम्ही खरं बोलत होता. चार एकतीसच. मला सापडलं ते."

त्यानं डबा बाजूला सारला. म्हणाला, "आणि दुसरं सापडलं का?"

"दुसरं काय?"

"तुमच्या नावाच्या फोल्डरातलं."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. खरंच पडला.

"डिस्क भरतेय अशी सूचना आली, म्हणून मी बघितलं," तो म्हणाला. "फाइल वाढत होती. तुमचं नाव होतं, म्हणून हात लावला नाही. म्हटलं, मॅडमनी काहीतरी विचार करून ठेवलं असेल. आपण कोण? तुमचाच नियम ना, मला विचारल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. म्हणून तुम्हाला फोन केला."

"मला? कधी?"

त्यानं आपला फोन माझ्यापुढे सरकवला. चार चोवीस. चार सत्तावीस. दोन्हीपुढे माझं नाव, आधी 'हैमा मॅडम' आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. मी माझा फोन काढला. मंगळवारी मी दिवसभर बाहेर बैठकीत होते; सकाळी त्याचा तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा वैतागून मी त्याचा नंबर गप्प करून ठेवला होता, संध्याकाळी परत चालू करू म्हणून. चुकलेल्या फोनांच्या लांबलचक यादीत ते दोन्ही होते. मी ती यादी उघडलीच नव्हती.

"चार एकतीसपर्यंत वाट बघितली," तो म्हणाला. "मग म्हटलं, आता पोरं बुडतील. दिलं रीस्टार्ट मारून."

"मग सकाळी मी एवढी बोलले तेव्हा तोंड का नाही उघडलंत? साहेबांना काल का नाही सांगितलंत?"

आता पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "काय सांगू? बाईचं नाव पुढे करून स्वतःची कातडी वाचवतो, असं म्हणाले असते. माझ्या शब्दाला किंमत असती तर टीव्हीवर माझा फोटो आला असता का? तुमच्या कागदाला किंमत आहे. तुम्ही शोधाल असं वाटलं. तुम्ही शोधता नेहमी." मग डब्याकडे बघत हळूच म्हणाला, "शोधून तुम्ही काय करता ते मात्र मला माहीत नव्हतं."

मी ताट तसंच टाकून उठले. वर जाऊन ती ओळ टाइप केली, फाइल दुसऱ्या मशीनवर नेली, वेळांचे शिक्के असलेली यादी छापली, दारवानाच्या वहीची पानं छापली. दोनदा चुकीचं टाइप झालं. चक्रपाणी सर दारात येऊन उभे राहिले, प्रिंटरमधून पडणारी पानं बघितली आणि निघून गेले.

समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, हळू बोलणारे, प्रत्येक कागद उलटा करून मागची बाजूही बघणारे. मी कुलूप आणि न उघडणारं दार समजावलं. त्यांनी एकदा विचारलं, मग दुसऱ्यांदा विचारलं, मग मान डोलावली.

"म्हणजे बाहेर बसलाय त्या माणसानं बंद केलं नाही."

"नाही सर. त्यानं सोडवलं."

"आणि ही एवढी मोठी फाइल लिहायला कुणी लावली?"

"मी."

अध्यक्षांनी पेन उघडलं. "परवानगी?" "नव्हती." "नोंद?" "नव्हती." "कुणाला सांगितलं होतंत?" "कुणालाच नाही." चक्रपाणी सर वहीत काहीतरी लिहीत होते, मान वर न करता. शेवटी अध्यक्षांनी तक्रारीचा मसुदा उभा-आडवा फाडला. सैदुलूला आत बोलावून सांगितलं, तुम्ही उद्यापासून कामावर या. मला सांगितलं, तुम्ही उद्यापासून येऊ नका, पुढचं कंपनी कळवेल. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. एवढं सगळं बोलले, पण फोनचं बोलले नाही. कुणी विचारलं नाही आणि कुठल्याही लॉगमध्ये ते नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात सैदुलू उभा होता. मला वाटलं होतं, आभार मानेल. किंवा निदान सुटकेचा श्वास सोडेल.

"मॅडम, टीव्हीवाले आज सांगतील का हे?"

"अहवाल निघेल. महिनाभरात."

"महिनाभरात." त्यानं माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं. "यातलं माझ्या बायकोला कळेल असं एखादं पान आहे का?"

मी चाळलं. नव्हतं.

"मग तुम्ही चला," तो म्हणाला.

त्याच्या मोपेडवर मागे बसून मी रामंतापूरला, त्याच्या घराकडे गेले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, साडी सावरत, मांडीवर चाळीस पानांचा गठ्ठा. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तसं ओट्यावर बसलेल्यांचं बोलणं थांबलं. एक म्हातारी उठून आत गेली आणि पडद्यामागून बघू लागली.

यादम्मा, त्याची बायको, दार लावून बसली होती. सकाळपासून पाण्यालासुद्धा बाहेर पडली नव्हती. मुलीच्या सासरहून दोनदा फोन आला होता, काय खरं ते सांगा म्हणून. तिनं मला खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली.

मी कागद उघडले. मग मिटले. "यांची काही चूक नाही," मी म्हटलं. "मशीन माझ्यामुळे अडकलं. मी त्यात एक गोष्ट ठेवली होती, कुणाला न सांगता. यांनी ते सोडवलं. मोठ्या साहेबांसमोर मी हे सगळं कबूल केलंय. पोलीस येणार नाहीत."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अडकलं तेव्हा यांनी तुम्हाला विचारलं नाही? हे तर विचारल्याशिवाय काही करत नाहीत. भाजी आणायची तरी बाजारातून तीन फोन करतात."

मी सैदुलूकडे बघितलं. तो दाराशी चप्पल काढत होता आणि ते संपतच नव्हतं. त्यानं घरी सांगितलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"विचारलं," मी म्हटलं. "दोन वेळा फोन केला."

"मग?"

"मी यांचा फोन बंद करून ठेवला होता. सारखे फोन करतात म्हणून."

मला वाटलं, यादम्मा शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या, मला त्यांची सवय आहे, देण्याची तरी आहे. ती उठली, माझ्या हातातला रिकामा तांब्या घेऊन खाली ठेवला, आणि माझं मनगट धरलं. हात खरबरीत होता आणि पकड घट्ट.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"बाहेर. मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं माझा नवरा कसा आहे ते."

तिनं दार उघडलं. गल्लीत आठ-दहा बायका, दोन म्हातारे, सायकल धरून उभा असलेला दूधवाला. सगळे दुसरीकडेच बघत असल्यासारखे. यादम्मानं पदर कमरेला खोचला आणि सकाळपासून दाबून धरलेल्या आवाजात ओरडली, "या, या! काल टीव्ही बघायला सगळे जमला होतात ना? आता हेही ऐका! ही मॅडम ऑफिसातली आहे!"

माणसं जवळ आली. पडद्यामागची म्हातारीही आली. मी ओट्यावर उभी राहिले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले. या वेळी फोनपासून.